आधी रिसॉर्ट, मग बोट

भाऊ, तापीच्या डोहात पोहायला शिकलास, त्याचा फायदा होईलच. पण स्कूबा डायव्हिंगचं ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचं, कार्ड हातात आलं म्हणून लगेच मालदीवच्या लिव्हअबोर्डचे, म्हणजे राहणं-खाणं-डाइव्ह सगळं बोटीवरच असलेल्या सफरीचे, पैसे भरू नकोस. त्या कार्डाची मर्यादा १८ मीटर खोलीची. तिथल्या खाड्यांमधला प्रवाह जोरदार असतो, नवख्याला झेपत नाही.

आधी अंदमानला, स्वराज द्वीपच्या रिसॉर्टवर राहा. माझा कान तिथे चार मीटर खोलीवरच पाण्याच्या दाबाने अडकला. नाक दाबून फुंकर मारली, गिळून पाहिलं, सुटेना. वर आलो, दोन दिवस किनाऱ्यावर बसलो, तिसऱ्या दिवशी कान सहज मोकळा झाला. बोटीवर असतो तर त्या दोन दिवसांत सहा-सात डाइव्ह वाया गेल्या असत्या, आणि पैसे कोण परत देतं? शिवाय बोट लागत असेल तर रात्रीही सुटका नाही.

वीस-पंचवीस डाइव्ह होऊ दे, हवा जपून वापरायला शीक, मग लिव्हअबोर्ड खुशाल घे. दूरचे प्रवाळांचे रीफ, दिवसाला तीन-चार डाइव्ह, ते सुख वेगळंच!

आणि हो, शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. भुसावळहून परतीची तिकिटं काढतानाच तेवढा दिवस मोकळा ठेव.