एकाच ब्लेडवर दुकान चालेल का? टेबल सॉबद्दल सुतारमित्रांचे प्रश्न

काका, खानापूरला माझं सुतारकामाचं लहानसं दुकान आहे. टेबलातून वर येणाऱ्या गोल ब्लेडचं मशीन, म्हणजे टेबल सॉ, वापरतो. सकाळी चौकटीच्या फळ्या चिरतो, दुपारी ड्रॉवरचे तुकडे आडवे कापतो. सारखं ब्लेड बदलायचा कंटाळा येतो, म्हणून सगळं ४० दाती ब्लेडवर उरकतो. कॉम्बिनेशन ब्लेड म्हणून वेगळं असतं म्हणतात, ते घ्यावं का?

घ्या. तुमच्यासारख्या दुकानासाठीच ते काढलेलं आहे. पण ते काय करतं हे आधी समजून घ्या, म्हणजे नंतर त्याच्याकडून भलतं काम मागणार नाही.

उभं चिरताना लाकडाचे लांब लांब ढलपे सुटतात, त्यांना बाहेर पडायला जागा लागते. म्हणून चिरायच्या १० इंची ब्लेडला २४ ते ३० दातेच असतात, माथ्याला सपाट, आणि दोन दात्यांमध्ये मोठी खाच. आडवं कापताना रेशा आधी दोन्ही बाजूंनी छाटावा लागतो, नाहीतर कड फुटते. म्हणून तिथं ६० ते ८० दाते, एक डावीकडे तिरपा, पुढचा उजवीकडे. कॉम्बिनेशन ब्लेडमध्ये दोन्ही तऱ्हा एकत्र येतात. एकूण ५० दाते, पाच-पाचांचे दहा गट. गटातले चार दाते आळीपाळीनं तिरपे, पाचवा सपाट आणि त्या सपाट दात्यापुढं खोल खाच. तिरपे दाते कडा छाटत जातात, सपाट दाता मागून येऊन तळातली उरलेली वरंबी खरवडून काढतो.

ब्लेड हातात आलं की मशीनवर चढवा, प्लग काढलेला असू द्या. पोलादी पट्टी ब्लेडच्या वरून टेबलावर आडवी, कडेवर उभी धरा, तिरप्या दात्याचं टोक तिला जेमतेम टेकेल इतकं ब्लेड वर घ्या, मग ते हातानं फिरवत उजेडाकडं बघा. सपाट दाता वर आला की त्याच्या आणि पट्टीच्या मध्ये बारीक फट दिसेल. तो दाता मुद्दामच साधारण पाव मिलिमीटर बुटका ठेवलेला असतो. सगळं कसब त्या फटीत आहे. पुढं धार लावायच्या प्रश्नात ती परत लागेल, लक्षात ठेवा.

आता मर्यादा. पाऊण ते दीड इंच जाडीत हे ब्लेड उभं-आडवं दोन्ही काम नीट करतं. दोन इंच सागवान दिवसभर चिरायचं असेल तर ते धीमं पडतं आणि तापतं. तुमच्या जंगलपट्टीत ऐन, नाणा, बिबला येतो (डेपोच्या कन्नड यादीत मत्ती, नंदी, होन्ने म्हणून). ऐनासारखं कठीण लाकूड जाड चौकटीसाठी चिरायचं तर २४ दाती ब्लेड वेगळं ठेवाच. माझ्या मते लहान दुकानाची जोडी तीच : रोजच्या कामाला कॉम्बिनेशन, जाड चिरायला २४ दाती. तुमचं ४० दाती ब्लेड वाईट नाही, प्लाय आणि फळी दोन्हीत ते चालतं. फक्त त्याचे सगळे दाते तिरपे असल्यानं खाचेचा तळ सपाट येत नाही. ड्रॉवरच्या तळासाठी खाच पाडाल तेव्हा फरक कळेल.

दादा, मी निपाणीचा. ऑनलाइन ५० दाती अमेरिकन ब्लेड मागवलं, पण होल लहान निघालं. माझ्या मशीनचा, ब्लेड बसतं तो दांडा २५.४ मिमी आहे. कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर होल मोठं करून घेऊ का? आणि असं ब्लेड आपल्या भागात मिळतं कुठं?

अमेरिकेत १० इंची टेबल सॉचा दांडा ५/८ इंचाचा, म्हणजे १५.८८ मिमी असतो. युरोपात ३० मिमी. आपल्याकडे २५.४ आणि ३० दोन्ही भेटतात. पाच-पाचांच्या गटाचं हे ब्लेड मुळात अमेरिकन मशीनसाठी खपतं, त्यामुळे ऑनलाइन बघितलं की लहान होलचंच पुढं येतं.

होल मोठं करता येतं. पण ड्रिलनं नाही आणि कानशीनं तर अजिबात नाही. ब्लेड तबकासारखं सपाट बसवून, जुन्या होलाचा मध्य डायल गेजनं (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकानं) पकडूनच बोअर करणारा कारागीर हवा. ब्लेडला धार लावणाऱ्या चांगल्या दुकानात हे काम रोज होतं, आधी तिथं विचारा. काम झाल्यावर ब्लेड मशीनवर चढवा, प्लग काढलेला असू द्या, डायल गेजचं टोक दात्यांच्या खाली पत्र्याला लावा आणि हातानं एक फेरा द्या. काटा एक दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर ब्लेड डुलतंय. मग ५० दात्यांचा काही उपयोग नाही. आधी फ्लँजवर (ब्लेड दोन्हीकडून दाबून धरणाऱ्या चकत्यांवर) भुसा किंवा चरा नाही ना बघा, पुष्कळदा डुलणं तिथलंच असतं.

उलटी अडचण असेल, म्हणजे होल ३० आणि दांडा २५.४, तर ते सोपं. मधली रिंग मिळते. ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड नको आणि हातोडीच्या हलक्या टोल्यानं बसेल इतकी घट्ट हवी. उमेदवारीच्या काळात मी एकदा पत्र्याची पट्टी गुंडाळून ब्लेड बसवलं होतं. सुरू करताच आवाज बदलला, घूं-घूं असा, फळीची कड लाटेसारखी आली आणि उस्तादांनी धावत येऊन स्विच मारला. पट्टी बाहेर सरकून वॉशरला घासत होती. असलं काही करू नका.

घ्यायचं कुठं? बेळगावच्या हार्डवेअर दुकानांत प्लायचं काम डोळ्यासमोर ठेवून ४०, ६०, ८० दाती ब्लेडं मांडलेली असतात. ५० दाती बहुधा मागवावं लागतं. इटलीच्या फ्रॉइड आणि सीएमटी या दोन्ही कंपन्या या धर्तीची ब्लेडं काढतात. कोल्हापूर, हुबळीच्या टूल डीलरकडे ऑर्डर द्या, नाहीतर मुंबईचा नागदेवी भाग आणि बेंगळुरूचा एस. जे. पी. रोड आहेच. दुकानात जाताना दांड्याचं माप व्हर्नियरनं घेऊन जा. ब्लेडवर कोरलेली ओळ अशी वाचा : २५४ × ३.२/२.२ × ३०, झेड ५०. पहिला आकडा व्यास, मग कापाची रुंदी आणि पत्र्याची जाडी, मग होल, शेवटी दाते. शेजारी जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाला फेरे) दिलेला असतो. हे सगळं कोरलेलं नसून नुसतं स्टिकरवर असेल तर मी ते ब्लेड घेत नाही.

सीमेवरच्या माणसासाठी अजून एक. कोल्हापुरात घेताना आपला कर्नाटकचा जीएसटी नंबर द्या आणि बिल आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) लावून करून घ्या. महाराष्ट्राचा एसजीएसटी (राज्याच्या वाट्याचा जीएसटी) लावलेलं बिल आणलंत तर त्याचं क्रेडिट इकडे घेता येत नाही.

आमचं मशीन बेळगावच्या उद्यमबागेत बनवून घेतलेलं आहे. १४४० आरपीएमची मोटर, बेल्टवर चालतं. त्याला हे कॉम्बिनेशन ब्लेड चालेल का?

आधी पुली मोजा. मोटरची पुली ५ इंच आणि ब्लेडच्या दांड्याची अडीच असेल तर दांडा १४४० × २ म्हणजे २८८० फिरतो. १० इंची ब्लेडच्या दात्याचा वेग त्यावर सेकंदाला ३८ मीटरच्या आसपास येतो. कार्बाइड दात्यांना (टोकाला पोलादाहून कठीण तुकडा झाळलेल्या) कमीत कमी ५० तरी हवा. वेग कमी पडला की दाता कापत नाही, खरवडतो, आणि लोक ब्लेडला नावं ठेवतात. पुली १ : ३ केली तर दांडा ४३२० वर जातो आणि वेग ५७ मीटर होतो. पण पुली बदलायच्या आधी दांड्याची बेअरिंगं तेवढ्या वेगाची आहेत ना, आणि ब्लेडवर कोरलेला आरपीएम त्याहून जास्त आहे ना, हे बघूनच.

मोटर २ एचपी सिंगल फेजची असेल आणि संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर ३.२ ऐवजी २.४ मिमी कापाचं पातळ ब्लेड घ्या. लाकूड कमी खातं, मोटर दबत नाही.

आणि कळकळीनं सांगतो, या बनवून घेतलेल्या मशीनना ब्लेडमागची पाती नसते. ती बसवा. चिरलेली फळी मागं मिटायला लागते, ब्लेडला दोन्हीकडून चिमटते आणि उलटी तुमच्या पोटाकडं येते. पावसाळ्यात ओलं लाकूड आलं की हे हमखास घडतं. पाती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि कापापेक्षा पातळ हवी, म्हणजे ३.२/२.२ च्या ब्लेडला अडीच मिलिमीटर. दात्यांपासून ३ ते ८ मिमी मागं, ब्लेडच्या अगदी रेषेत. ज्यानं मशीन बनवलं त्याच्याचकडून करून घ्या, त्याला अर्ध्या दिवसाचं काम आहे.

शहापूरहून लिहितोय. नवं ब्लेड दोन महिन्यांत सागवानाची कड काळी करायला लागलं. दुकानदार म्हणतो धार गेली. खरं का?

असेलही. सागवानात सिलिका असतो, तो धार खातो. पण दोन महिन्यांत काळी कड दिसली की मी आधी दोन गोष्टी तपासतो.

पहिली, चिकटा. सागवानाचा तेलकट राप दात्यांच्या बाजूला बसून तपकिरी पापुद्रा धरतो, मग दाता कापण्याऐवजी घासतो. ब्लेड काढा, परातीत कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून अर्धा तास ठेवा आणि जुन्या टूथब्रशनं दाते घासा. कॉस्टिक सोडा वापरू नका, कार्बाइडला आणि त्याच्या जोडाला तो बाधतो. पुसून कोरडं करून हलका तेलाचा हात द्या. अर्ध्याहून जास्त वेळा ‘धार गेलेलं’ ब्लेड एवढ्यावर चालायला लागतं.

दुसरी, मशीन वाकडं आहे का. चिरलेली कड उन्हात तिरपी धरा. ब्लेडचे चरे एकाच दिशेनं वाकलेले असतील तर ठीक. एकमेकांना छेदणारे, फुलीसारखे चरे दिसले तर ब्लेडची मागची बाजूही लाकडाला घासतेय. प्लग काढा, ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दात्यावर मार्करनं खूण करा. टेबलावरच्या सरकपट्टीच्या खाचेपासून त्या दात्याचं अंतर पुढं मोजा, मग ब्लेड फिरवून तोच दाता मागं न्या आणि परत मोजा. दाता तोच हवा, नाहीतर ब्लेडचा डुल मापात मिसळतो. दोन्ही मापं जुळली की फेन्स (फळी जिला टेकवून ढकलतो ती पट्टी) तपासा. मागच्या टोकाला फेन्स ब्लेडकडं केसभरही झुकलेला नको.

हे दोन्ही ठीक असूनही कड जळत असेल तर दुकानदाराचं बरोबर. फळी अडखळत ढकलणं हेही एक कारण असतं. हात थांबला की तिथं डाग पडतो.

संकेश्वर : सनमायका लावलेला प्लाय या ब्लेडनं कापला तर चालेल?

नाही. वरची बाजू बरी येईल, खालून कपच्या निघतील. त्याला ८० दाती किंवा त्यावरचं, टीसीजी दात्यांचं (एक दाता दोन्ही कोपरे छाटलेला, पुढचा सपाट) ब्लेड घ्या. तसंच टेबल सॉचं हे पुढं झुकलेल्या दात्यांचं ब्लेड सरकत्या मायटर सॉवर (ब्लेड वरून खाली आणून, सरकवून आडवं कापणारं मशीन) चढवू नका, ते लाकडावर चढून हाताकडं येतं.

अण्णा, चिकोडीला धार लावून आणली, तेव्हापासून ब्लेड पहिल्यासारखं चालत नाही. खाचेचा तळ ओबडधोबड येतो. काय झालं असेल?

पहिल्या उत्तरातली ती फट आठवा. धार लावणाऱ्यानं पन्नासही दाते सारखेच तिरपे घासले असणार, किंवा सपाट दाते इतरांच्या उंचीला आले असणार. पट्टी लावून बघा, लगेच कळेल. नुकसान कायमचं नाही. हिऱ्याचं चाक असलेल्या मशीनवर, दात्याचं तोंड आणि माथा दोन्ही घासून, दर पाचवा दाता सपाट आणि पाव मिलिमीटर बुटका ठेवून परत धार लावता येते. देताना तोंडी सांगू नका, ब्लेडवर मार्करनं दर पाचव्या दात्यावर खूण करून द्या. मी अजूनही तसंच करतो, आणि माझा धारवाला तीस वर्षांचा मुरलेला आहे. ब्लेड विकत घेतानाच कार्बाइडचा तुकडा जाड बघून घेतला तर अशी धार पुष्कळ वेळा लावता येते. स्वस्त ब्लेडचा तुकडा नखासारखा पातळ असतो, एक-दोन धारेत संपतो.

जुन्या घराचे सागवानी वासे घेतले होते. चिरताना खिळा लागला आणि एक दाता उडाला. ब्लेड वापरू का?

दुरुस्त होईपर्यंत नाही. उडालेल्या दात्याच्या मागच्यावर दुप्पट मार बसतो आणि मग तोही जातो. नवा कार्बाइडचा तुकडा झाळून बसवता येतो, महाग ब्लेडला ते परवडतं. पुढच्या वेळी वाशावर आधी जोरकस लोहचुंबक फिरवा, खिळ्याभोवती लाकडाला निळा-काळा डाग असतो तोही शोधा, आणि असलं लाकूड चिरायला जुनंच ब्लेड लावा.

दाता बसवायला देण्याआधी पत्र्याला भेग गेली नाही ना हे बघणं मात्र चुकवू नका. फाउंड्रीत कास्टिंगची भेग शोधायची जुनी रीत इथं चालते. ब्लेडला रॉकेल लावा, दहा मिनिटांनी फडक्यानं कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. भेग असेल तर आतलं रॉकेल वर येऊन खडूत काळसर रेघ उमटते. कंपनीनं कडेला कापलेल्या फटी असतात, त्यांचं टोक बहुधा गोल होलात संपतं, त्यांना भेग समजू नका. दात्याच्या मुळापासून किंवा मधल्या होलापासून निघालेली रेघ दिसली तर ते ब्लेड संपलं. ते कापून दोन तुकडे करूनच भंगारात घाला, म्हणजे दुसरं कोणी उचलून मशीनवर चढवणार नाही.