पडक्या गिरणीची चित्रे आणि बारावीनंतरची वाट

‘बारावी विज्ञान शाखेतला माझा मुलगा बंद गिरण्यांच्या पडक्या भिंती रेखाटत बसतो, यावर त्याचे पोट भरेल का?’ असे सोलापूरच्या एका आईने विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेली रेखाटने मी पुन्हा पुन्हा पाहिली. धुराड्यात शिरलेले पिंपळाचे मूळ त्याने नेमके वीट फुटली आहे तिथेच जाड रेषेने काढले आहे, आणि एवढे बारकाईने पाहणे शिकवून येत नाही. मात्र छपराचे करवतीसारखे दाते त्याने निव्वळ नक्षी म्हणून काढले आहेत. त्या दात्यांच्या काचा उत्तरेकडे ठेवत, म्हणजे कडक ऊन आत न येता मागांवर दिवसभर सारखा उजेड पडे. चित्रकारही आपल्या खोलीसाठी असाच उजेड शोधतो. आपले सासरे गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे माग चालत त्या विभागात, होते, असे आपण लिहिले आहे. ते कुठे उभे राहत, कोणत्या दाराने आत जात, हे नातवाने त्यांना विचारावे आणि मग पुन्हा काढायला बसावे. 1877 साली उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपासून या शहराची घडण गिरण्यांभोवती झाली, त्यामुळे त्याला विषय शोधायला कुठे दूर जावे लागणार नाही.

असाच विषय घेऊन जर्मनीतील बर्न्ड आणि हिला बेखर या छायाचित्रकार दांपत्याने 1959 पासून पाण्याच्या टाक्या, लोखंड वितळवणाऱ्या झोतभट्ट्या आणि खाणींवरचे मनोरे ढगाळ उजेडात, समोरून, एकाच शिस्तीने टिपले. 1990 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांच्या या छायाचित्रांना चक्क शिल्पकलेचे पारितोषिक मिळाले.

आता पोटाचा प्रश्न. केवळ चित्रे विकून घर चालायला बरीच वर्षे लागतात आणि अनेकांचे चालतही नाही, हे मी लपवणार नाही. म्हणून बी.एफ.ए. या ललित कलेच्या पदवीच्या चार वर्षांसाठी राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेची तयारी करताना त्याने उपयोजित कलेचाही, म्हणजे जाहिरात, मांडणी अशा व्यावसायिक कामाच्या कलेचाही, विचार करावा. बारावीला गणित असेल तर वास्तुकलेच्या प्रवेशासाठीची नाटा परीक्षाही द्यावी. जुन्या इमारतींची मोजणी, नोंद आणि जतन या कामात त्याचा हात आणि शास्त्राचा अभ्यास दोन्ही उपयोगी पडतील. चित्रपटांच्या कला विभागातही अशा नजरेची गरज असते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. परवानगीशिवाय त्याने आत जाऊ नये, कारण कुजलेली तुळई कधी खाली येईल याचा भरवसा नसतो. तोवर रस्त्यावरून दिसणारे एकच धुराडे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असे महिनाभर काढावे व ती वही मला पाठवावी.