लेझर प्लाझ्माच्या ग्रुपमध्ये अबोल मुलीचं कसं होणार?

ताई, तुमचं पत्र नीट वाचलं. मुलगी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, एका युनिव्हर्सिटीच्या लेझर प्लाझ्मा ग्रुपने तिला पीएचडीसाठी बोलावलंय आणि तुम्हाला दोन्हीकडून काळजी लागलीय. एकीकडे वाटतंय की पोरगी आधीच अबोल, अंधाऱ्या लॅबमध्ये एकटी बसून अजूनच मिटून जाईल, आणि दुसरीकडे त्या ग्रुपचे फोटो बघितले तर सगळे डोंगरावर, मैदानावर, रात्री उशिरापर्यंत एकत्र, मग ही मुलं रिसर्च करतात तरी कधी असंही तुम्ही विचारलंय. शिवाय लेझरचा धोका आणि पुढच्या नोकरीचा प्रश्न आहेच.

एकटं पडण्याची भीती आधी घेते. या विषयातला प्रयोग एकट्याने होतच नाही. त्या लेझरचा एक पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झटका, साधारण ३० फेमटोसेकंदांचा असतो (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग), तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ९ मायक्रॉन पुढे सरकतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तो पल्स व्हॅक्यूम चेंबरमधल्या बारीकशा टार्गेटवर फोकस केला की तिथल्या पदार्थाचा क्षणात प्लाझ्मा होतो, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळायला लागतात. हा एक शॉट घ्यायचा तर एकजण लेझर सांभाळतो, एकजण टार्गेट जागेवर आणतो, दोघंतिघं कॅमेरे आणि स्पेक्ट्रोमीटर बघतात, कुणीतरी शॉट लॉग लिहितं, मग सगळे बाहेर कंट्रोल रूममध्ये येतात, दार लॉक होतं आणि प्रत्येकाला विचारलं जातं, रेडी? आता समजा तुमच्या लेकीचा कॅमेरा ट्रिगरच झालेला नाहीये, तर तिला त्या भरल्या खोलीत सगळ्यांसमोर "थांबा" म्हणायचंय. बाकीचे तासभर अलाइनमेंट करून, म्हणजे आरसे जुळवून, थकलेले आहेत, गाइड मागे उभे आहेत, आणि ही ग्रुपमधली सगळ्यात नवी.

माझ्या मते ग्रुप चांगला की वाईट हे या एका गोष्टीवरून कळतं. नव्या पोरीने थांबा म्हटल्यावर सगळे थांबतात आणि "बघ, काय झालंय" असं विचारतात, तिथे अबोल मूलही हळूहळू बोलायला लागतं. जिथे कपाळाला आठ्या पडतात तिथे ती पुढच्या वेळी गप्प बसेल, डेटा वाया जाईल आणि मग तिलाच ऐकून घ्यावं लागेल. लेझर किती मोठा, पेपर किती छापले, हे त्यानंतर बघायचं.

आता ते फोटो. प्रत्येक युनिव्हर्सिटीत मोठा लेझर नसतो, मग ग्रुप प्रपोजल लिहितात आणि मंजूर झालं की मोठ्या केंद्रावर काही आठवड्यांचा बीमटाइम, म्हणजे तिथला लेझर वापरायची वेळ, मिळतो. ब्रिटनमधली रदरफर्ड ॲपलटन लॅब किंवा चेक रिपब्लिक, हंगेरी आणि रोमानियामधली ईएलआयची (एक्स्ट्रीम लाइट इन्फ्रास्ट्रक्चर) केंद्रं अशीच आहेत. तिथे सगळे एकत्र राहतात, एकत्र जेवतात, पंप बिघडला की एकत्र ताटकळतात, आणि लेझर बंद असला की सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जातात, फोटो बहुतेक त्याच दिवसाचे असतात कारण चार तास आरसे जुळवतानाचा फोटो कुणी काढत नाही! बीमटाइम संपला की महिनोन्महिने डेटा ॲनालिसिस आणि सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रयोगाची नक्कल, आणि ते काम शांतपणे कॉम्प्युटरसमोर बसून करायचं असतं. अबोल माणसाला ते चांगलं मानवतं. काहीजण तर पूर्ण पीएचडी सिम्युलेशनवरच करतात.

पण एकत्र असण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणार नाही. एका पेपरवर वीस-वीस नावं असतात, पहिलं नाव कुणाचं यावरून मनं दुखावतात. बीमटाइममध्ये बारा-बारा तासांच्या शिफ्ट होतात आणि काही ठिकाणी झोप मागणाऱ्याला कच्चा समजतात, हे मला अजिबात पटत नाही. आणि दर वीकेंडला सगळ्यांबरोबर गेलंच पाहिजे असा न बोललेला नियम असेल तर ती मैत्री नाही हो, ती ड्युटी झाली. मुलीला नाही म्हणता आलं पाहिजे.

धोक्याबद्दल विचारलंत ते बरं केलंत. या लेझरचा प्रकाश बऱ्याचदा ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, डोळ्याला जवळपास दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही आणि इजा कायमची होऊ शकते. म्हणून त्या वेव्हलेंग्थचाच गॉगल लागतो, आणि अंगठी, घड्याळ, बांगडी काढून ठेवायची, कारण चकचकीत वस्तूवरून बीम परततो. शॉटच्या वेळी एक्स-रे निघतात म्हणून कुणी आत नसतं, दार उघडलं तर इंटरलॉक, म्हणजे दाराला जोडलेली सुरक्षा यंत्रणा, लेझर थांबवते. नियम पाळणाऱ्या लॅबमध्ये मला भीती वाटत नाही, "चालतंय गं, एवढं काय" म्हणणाऱ्या लॅबमध्ये तिला मी एक दिवसही पाठवणार नाही.

नोकरीचं म्हणाल तर प्रोफेसरची पदं कमी आहेत, हे आधीच धरून चाला. पण ऑप्टिक्स, व्हॅक्यूम, डेटा, प्रोग्रॅमिंग हे सगळं हाताशी येतं. आजच्या सगळ्यात प्रगत चिप बनवणाऱ्या मशीनमध्ये सेकंदाला सुमारे ५०,००० टिनच्या थेंबांवर लेझर मारून प्लाझ्मा करतात आणि त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश मिळवतात, म्हणजे तिचाच विषय कारखान्यात चालू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत टार्गेटवर २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जा टाकून ३.१५ मेगाज्यूल फ्युजनमधून, म्हणजे अणुकेंद्रकं एकमेकांत मिसळण्यातून, मिळाली. वीजनिर्मिती अजून खूप लांब आहे, कारण तो लेझर चालवायलाच सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागते, पण खाजगी कंपन्याही आता यात उतरल्यात.

आणि तिला डॉना स्ट्रिकलंडबद्दल जरूर वाचायला सांगा. पल्स आधी ताणायचा, मग ताकद वाढवायची, मग परत दाबायचा, ही आज सगळीकडे वापरतात ती पद्धत तिने १९८५ मध्ये गाइड जेरार मूरू यांच्याबरोबर दाखवली, तेव्हा ती पीएचडीची विद्यार्थिनी होती आणि तो तिचा पहिलाच पेपर होता. त्याच कामासाठी दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. विद्यार्थ्याच्या हातून केवढं काम होऊ शकतं ते बघा.

आता हे करा. ऑफर स्वीकारायच्या आधी तिला तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींशी गाइड नसताना बोलू दे, समोरासमोर नाही जमलं तर व्हिडिओ कॉलवर. तिने विचारायचं की मागच्या विद्यार्थ्यांना पीएचडीला किती वर्षं लागली, मधेच कुणी सोडून गेलं का आणि का, पहिलं नाव कसं ठरतं, बीमटाइमनंतर सुट्टी मिळते का, गाइडशी बिनसलं तर दुसरं कोण ऐकून घेतं. या प्रश्नांना कुणी सरळ उत्तर देत नसेल तर तेही उत्तरच समजा. आणि ताई, तुम्ही स्वतः गाइडला फोन करू नका, बोलायचं ते तिलाच बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा हवं तर. उत्तरं मिळाली की दोघी मिळून मला लिहा, मग फेलोशिपचं आणि राहण्याचं बघू.