नोटेशन आणि साउंड अ‍ॅनालिसिसची सॉफ्टवेअर शिकायची आहेत, कोर्स लावू का?

तुम्ही लिहिलंय की गाता येतं, कानही बरा आहे, पण म्युझस्कोर (नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर) उघडलं की बटणं बघूनच गांगरायला होतं आणि स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या क्षणी आवाजात कोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत त्याचं चित्र) म्हणजे नुसती रंगीत नक्षी वाटते. माझं मत विचाराल तर कोर्स आत्ता नका लावू. मेनू पाठ करून हे येत नाही. झोपेत उठवलं तरी म्हणता येईल असं एखादं छोटं गाणं घ्या आणि नोटेशनच्या नि अ‍ॅनालिसिसच्या, दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये त्याच्याच मागे लागा.

म्युझस्कोर फुकट आहे, तेच घ्या (फिनाले नावाच्या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, २०२४ मध्ये कंपनीनेच ते बंद केलंय). माउसने एकेक नोट टाकत बसलात तर दोन ओळींत कंटाळाल. नोट टाकायला एन दाबा, मग नोटच्या लांबीसाठी ४ म्हणजे एटथ, ५ क्वार्टर, ६ हाफ, आणि सुरासाठी ए ते जी अक्षरं, बस्स, एवढ्यावर पुष्कळ लिहून होतं. सरगम हवी तर कंट्रोल-एल दाबून लिरिक्सच्या जागी सा रे ग लिहा, जुगाड आहे पण चालतो. फाइल दुसरीकडे न्यायची असेल तर म्युझिक-एक्सएमएलमध्ये (बहुतेक नोटेशन सॉफ्टवेअर वाचतात तो फाइल प्रकार) काढा, कारण पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र आणि मिडीत (सूर आकड्यांत साठवणारी फाइल) सी शार्प काय नि डी फ्लॅट काय, दोन्हींचा आकडा एकच.

खरी गंमत अ‍ॅनालिसिसमध्ये आहे आणि घोळही तिथेच. स्पेक्ट्रोग्रामला विंडो साइझ (एका वेळी आवाजाचा किती मोठा तुकडा मोजायचा) नावाचं सेटिंग असतं, नवीन माणूस तिकडे बघतच नाही. ४४,१०० सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाची तितकी मोजमापं, म्हणजे सॅम्पल) रेकॉर्डिंगला विंडो १०२४ सॅम्पलची ठेवली तर फ्रिक्वेन्सीचे कप्पे पडतात साधारण ४३ हर्ट्झचे. आता मधला सी आहे २६१.६ हर्ट्झ आणि त्याला लागून सी शार्प २७७.२, म्हणजे फरक जेमतेम साडेपंधराचा, मग दोघं एकमेकांत मिसळून एकच जाड पट्टा दिसणार. विंडो ८१९२ करा, कप्पा साडेपाच हर्ट्झच्या आत येतो, सूर सुटे दिसायला लागतात, पण आता एकेक विंडो जवळपास १८६ मिलिसेकंदांची झाली ना, त्यामुळे भरभर घेतलेली तान धुरकट होते. दोन्ही एकदम मिळत नाही, गणितच तसं आहे. ठोके बघायचे तर लहान विंडो, सूर बघायचे तर मोठी, आणि एकच तुकडा दोन्हींत उघडून बघितलात की लगेच लक्षात येईल.

सुराची रेघ (सूर वेळेबरोबर कसा वरखाली जातो ती) काढायला सोनिक व्हिज्युअलायझर (लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीचं, फुकट) आणि त्यात पीयिन नावाचं प्लगइन. ते एकट्या आवाजासाठी आहे, मागे तंबोरा-पेटी असेल तर रेघ वाट्टेल तिथे उड्या मारते. एकट्या आवाजातही कधीकधी २२० वरून एकदम ४४० नाहीतर ११०, असं बरोब्बर दुप्पट किंवा निम्म्यावर जाते. गाणारा तिथे सप्तक बदलत नाही, अल्गोरिदम फसलेला असतो. अशा वेळी कान म्हणेल ते धरा.

आणि हर्ट्झमध्ये विचार करत बसू नका, सेंट वापरा. सप्तकाचे १२०० सेंट, अर्ध्या सुराचे १००. तुमचा सा २२० असेल आणि पंचम ३३० आला तर तो ७०२ सेंटवर आहे, पियानोचा ७०० वर असतो. सॉफ्टवेअर बहुतेक ४४० चा ए धरून मोजतं, म्हणून आधी स्वतःचा सा मोजून घ्यायचा आणि बाकीचं त्याच्यापासून, नाहीतर चांगला लागलेला सूरही बेसूर दिसतो. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नोटेशनमध्ये नीट बसतच नाही, त्यात वेळ घालवू नका, तिथे ही रेघच ठेवा.

रेकॉर्डिंग वेव्हमध्येच करा. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग सपाट कापलेला दिसतो आणि मग लोक माइक बदलायला निघतात.