वाचकांचे प्रश्न : कोकणकडा, कायदा आणि कादंबरी

रहस्यकादंबऱ्यांच्या लेखिकेकडे या महिन्यात आलेल्या पत्रांतील चार प्रश्न आणि त्यांना तिने दिलेली उत्तरे.

गेल्या दोन दिवाळ्यांत आपली नवी कादंबरी आली नाही. लेखन थांबले आहे का? (एक वाचक, नाशिक)

लेखन थांबलेले नाही, पण हातातली कादंबरी मला घरात बसू देत नाही. तिच्यातला मृत्यू हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर घडतो आणि ही जागा नकाशा पाहून लिहिण्यासारखी नाही. माथा अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात. कड्याच्या पायथ्याचे बेलपाडा मुरबाड तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. आणि खिरेश्वरच्या बाजूने उतरले की आपण जुन्नर तालुक्यात, पुणे जिल्ह्यात पोचतो. माणूस पडतो एका जिल्ह्यातून आणि सापडतो दुसऱ्याच जिल्ह्यात. मग अकस्मात मृत्यूची नोंद कोणत्या ठाण्यात व्हायची, पंच कोणत्या गावचे बोलवायचे, माथ्यावरची जागा कोणी आणि किती वेळाने पाहायची, हे प्रश्नच कथानकाच्या केंद्रस्थानी आले, कारण यात जाणारा वेळ खुन्याच्या पथ्यावर पडतो.

त्यातच १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. खुनाचे कलम ३०२ मराठी वाचकाच्या इतके ओळखीचे आहे की भारतीय न्याय संहितेतले १०३ त्याला काही काळ परके वाटणारच. पण खरा फरक आकड्यात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीबाहेरच्या ठाण्यातही तक्रार घेण्याची, म्हणजे ज्याला पोलीस झिरो एफआयआर म्हणतात त्याची, तरतूद थेट कायद्यात आणली, आणि झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे आवश्यक ठरवले. पंच फितूर झाला की खटला खिळखिळा होतो, या एका आधारावर कित्येक रहस्यकथांचा शेवट उभा असे. आता चित्रणात काय आले आणि काय चौकटीबाहेर राहिले, याचा विचार लेखकाला करावाच लागतो. मी घटना त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरची ठेवली असून सगळा तपास त्या अंगाने नव्याने लिहीत आहे.

चालताना कथानक खरोखर सुचते, की तो केवळ विरंगुळा असतो? (एक वाचक, सांगली)

सुचते, मात्र त्यासाठी चालताना काम करावे लागते. ॲगाथा ख्रिस्ती यांनी आपली पहिली रहस्यकादंबरी १९१६ मध्ये इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात, डार्टमूरच्या माळरानावर हेटॉर येथील हॉटेलात राहून पुरी केली. सकाळी हात दुखेपर्यंत लिहायचे आणि जेवणानंतर माळावर फिरताना पुढच्या प्रकरणातली पात्रे होऊन त्यांची वाक्ये स्वतःशी पुटपुटायची, असा त्यांचा क्रम होता, आणि तो त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. तो माळ पाहायला मी मुद्दाम गेले. खाणीतला दगड वाहून नेण्यासाठी तिथे १८२० मध्ये गाडीवाट घातली गेली आणि तिचे रूळही ग्रॅनाइटचेच केले. चाक घसरू नये म्हणून दगडात कोरलेली कड गवतात बसून आजही बोटांनी चाचपता येते. त्या मोकळ्या, अंगावर न येणाऱ्या चढउतारावर माणूस तासन्‌तास बोलत चालू शकतो, हे मला तिथे पटले.

सह्याद्रीत ते जमत नाही, कारण चढणीला दमच इतका लागतो की तोंडून संवाद निघत नाहीत. म्हणून मी इथे पात्रांच्या कृती तपासते. पाठीवर ओझे घेऊन पाचनईहून चढलेला माणूस अंधारात खिरेश्वरला उतरून सकाळची एसटी गाठेल का, हे स्वतः उतरून पाहिल्याशिवाय मी त्याच्या तोंडी तशी साक्ष घालत नाही. कोकणकड्याच्या तोंडाशी दरीतला वारा असा वर उसळतो की खाली भिरकावलेला रुमाल डोक्यावरून मागे येऊन पडतो. कड्यावरून फेकून दिलेला कागद पोलिसांच्या हाती लागण्यासाठी त्यामुळे मला कोणताही योगायोग जुळवावा लागला नाही. मोबाइलचेही तसेच आहे. कड्यावर उभ्या असलेल्या माणसाचा फोन खाली कोकणातला टॉवर पकडू शकतो, आणि मग टॉवर लोकेशन त्याला भलत्याच जिल्ह्यात दाखवते.

कथेसाठी जागा पाहायला मी एकटीने गडावर जावे का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

एकटीने जाऊ नये. पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्यावा. त्याला वाट तर ठाऊक असतेच, शिवाय त्याच्याशी बोलताना जे मिळते ते कोणत्याही पुस्तकात नसते. बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट माहीतगार सोबत असल्याशिवाय धरू नये, आणि पावसात तर तिचे नावही काढू नये. परतण्याची वेळ गावात सांगून मगच निघावे.

गडांवर माणसे खरोखर दरीत पडून मरतात. त्यावर रहस्य रचणे आपल्याला योग्य वाटते का? (एक वाचक, ठाणे)

हा प्रश्न मला पहिल्या प्रकरणापासून सतावतो आहे. कोणत्याही प्रत्यक्ष अपघाताचा तपशील मी घेतलेला नाही. जागा खरी आहे, माणसे आणि कारणे कल्पित आहेत. परंतु एवढ्याने भागत नाही. रहस्यकथेत मृतदेह "आढळतो" आणि पुढच्याच परिच्छेदात तपास सुरू होतो. प्रत्यक्षात गावातले तरुण आणि गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक आपापली कामे सोडून येतात, ओल्या कातळावर दोर लावून उतरतात, तो देह स्ट्रेचरला बांधून वाटेपर्यंत आणतात आणि घरच्यांना सामोरे जातात, आणि यासाठी कोणी त्यांना मेहनताना देत नसते. त्यांच्यातल्या काही जणांशी बोलल्यावर मी या कामाला पूर्ण प्रकरण दिले. त्यामुळे कथेचा वेग मंदावतो, असे संपादकांचे मत आहे आणि वाचक म्हणून मला ते समजतेही, परंतु ते प्रकरण मी कापणार नाही. दोर बांधण्यासाठी जागा शोधणाऱ्या गावच्या तरुणाला कातळाच्या कडेवर दुसऱ्याच एका दोराने घासल्याची ताजी खूण तिथेच दिसते, आणि अकस्मात मृत्यू म्हणून नोंदवलेल्या प्रकरणाचा तपास त्या खुणेपासून सुरू होतो.