दाखल्यावरचे तीस टक्के

सांगली

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

पैलवानाच्या दाव्याचा तुझा मसुदा रात्री वाचला. डावात गुडघा गेला असता तर दावा टिकलाच नसता. ती जोखीम पत्करूनच पोरगं आखाड्यात उतरतं. इथे पाय दोन मॅटमधल्या फटीत अडकला. आयोजकांची ती हलगर्जी तू नीट मांडलीस.

पण भरपाईचा आकडा बघून मी थबकलो. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर 30 टक्के अपंगत्व, म्हणून कमाईचं नुकसानही 30 टक्केच? हीच चूक मी उमेदीच्या काळात एका गवंड्याच्या दाव्यात केली. त्याचं नुकसान झालं, ते अजून सलतं. दाखला पायाचा असतो. कमाई किती बुडाली ते आपण सिद्ध करायचं. सुप्रीम कोर्टाचा राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकाल परत वाच. डावा हात गेला तर सुताराची जवळपास सगळी कमाई जाते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते.

आता हिशेब. महिना 20,000 सिद्ध झाले तर वर्षाचे 2,40,000. भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 3,36,000. वय 22, म्हणजे मल्टिप्लायर, वर्षाच्या कमाईला गुणायचा वयानुसार ठरलेला आकडा, 18. तुझ्या 30 टक्क्यांनी होतात 18,14,400; कमाईची निम्मी ताकद गेली हे पटवलंस तर 30,24,000. पद्धत मोटार अपघाताच्या दाव्यांची आहे, दिवाणी कोर्टात तिचा आधार मागावा लागेल.

समोरचा वकील म्हणणार, कुस्ती पस्तिशीपर्यंतच. त्याची तयारी ठेव. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं आणि 1955 ला ते पोलिसात फौजदार झाले. आजही सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. आपल्या पोराची राज्य स्पर्धेची प्रमाणपत्रं म्हणूनच लाव. महाराष्ट्र केसरी झाला असता, असं मात्र लिहू नकोस. कोर्ट स्वप्नाचे पैसे देत नाही.

इनाम रोख मिळतं, पावती नसते. त्याच्या आईने ट्रंकेत कुंडल, पुसेगावच्या मैदानांची पोस्टरं ठेवलीत. एक चार घड्या घातलेलं आहे, हळदीचा डाग पडलेलं. त्याच्या फोटोखाली जोड, म्हणजे कुस्ती कुणाशी ते, आणि इनामाची रक्कम छापलीय. जिंकल्याचे साक्षीदार त्या त्या गावातून शोध. खुराकाचा खर्च आपणच आधी वजा कर, नाहीतर उलटतपासणीत अडकशील.

दाव्याची मुदत तीन वर्षांची, आणि दुखापतीला तीन वर्षं व्हायला फार दिवस उरले नाहीत. रविवारी त्यांच्या घरी जाऊ, मी येतो.