वाचकांचे प्रश्न : कर्मचारी वार्ता, रिक्त पदे आणि वार्षिक आराखडा

विद्यापीठांच्या कृषी विस्तार सेवेत, म्हणजे शेतीविषयक ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याच्या सेवेत, काम करणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांत दोन विषय पुन्हा पुन्हा दिसतात : कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, बदल्या व निवृत्ती यांची माहिती एकमेकांपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि वर्षाचा कार्यक्रम कागदावर चांगला दिसत असला तरी प्रत्यक्षात उतरत नाही. आमच्या मते ही दोन्ही दुखणी एकाच ठिकाणची आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरे खाली देत आहोत.

प्रश्न : आमच्या विस्तार संचालनालयाचे मासिक कर्मचारी वार्तापत्र तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यात कोण रुजू झाले, कोणाची बदली झाली, कोण निवृत्त झाले आणि कोणाचा सत्कार झाला, एवढेच असते. ते कोणी वाचत नाही, म्हणून बंद करावे असा सूर आता निघतो आहे. आपले मत काय? (एक विस्तार अधिकारी)

उत्तर : बंद करू नये, त्यातील मजकूर बदलावा. रुजू झालेल्या व्यक्तीच्या पदव्या आणि पूर्वीची पदे छापण्याचा प्रघात आहे, पण दूरच्या केंद्रावर बसलेल्या सहकाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्याला हवे असते ते असे की, हा नवा विषय विशेषज्ञ रोगशास्त्र पाहणार की कीटकशास्त्र, त्याच्याकडे कोणते क्षेत्र आहे, आधीच्या माणसाने हाती घेतलेल्या प्रात्यक्षिकांपैकी कोणती तो पुढे नेणार आहे आणि रोगट पानाचा नमुना आता कोणाकडे पाठवायचा. या चार गोष्टी चार ओळींत मावतात, आणि त्या असल्या की बातमी कापून टेबलावर ठेवली जाते.

निवृत्तीची बातमी तर आपल्याकडे सर्वांत उशिरा येते, म्हणजे निरोप समारंभानंतर. वास्तविक निवृत्तीची तारीख ही कार्यालयाला अनेक वर्षे आधी ठाऊक असलेली गोष्ट आहे. ज्या पदांवरील व्यक्ती येत्या वर्षभरात निवृत्त होणार आहेत त्यांची यादी वार्तापत्रात वेळेवर आली, तर त्या विषयाचा कार्यक्रम आखताना पुढे कोण हा प्रश्न आपोआप विचारला जाईल. त्याच्याच शेजारी रिक्त पदांचा एक चौकोन दर महिन्याला असावा : पद कोणते, केव्हापासून रिक्त आहे आणि अतिरिक्त कार्यभार कोणाकडे आहे. हा चौकोन वरिष्ठांना आवडेलच असे नाही, परंतु वार्तापत्र वाचले जाण्याचे ते सर्वांत खात्रीचे कारण ठरेल.

सत्कारांच्या बातम्या ठेवाव्यात, फक्त सत्कार कोणत्या कामासाठी झाला ते लिहावे. पुष्पगुच्छाचे छायाचित्र गाळले तरी कोणाचे काही बिघडत नाही. आजारपण, कौटुंबिक अडचण किंवा चौकशी यांविषयी मात्र संबंधिताच्या संमतीशिवाय एक शब्दही छापू नये.

प्रश्न : माझ्या केंद्रावरील दोन विषय विशेषज्ञांची पदे दीर्घकाळ रिक्त आहेत. त्यांचे काम उरलेल्यांत वाटून दिले जाते आणि आराखड्यातील उद्दिष्टे मात्र पूर्वीइतकीच राहतात. अशा वेळी नियोजन कसे करावे? (एक केंद्रप्रमुख)

उत्तर : आधी माणसांचे दिवस मोजावेत, उद्दिष्टे नंतर. एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, सुट्ट्या वगळता एका व्यक्तीला वर्षात कामाचे २२० दिवस मिळतात. बैठका, अहवाल, पाहुण्यांचे दौरे, अचानक उद्भवलेल्या किडीसाठी करावी लागणारी धावपळ आणि दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दिलेला वेळ यांत ७५ दिवस सहज जातात. ते आराखड्यात दिसत नाहीत, पण जातात. उरले १४५. एक प्रात्यक्षिक प्रामाणिकपणे करायचे तर शेताची निवड, आखणी, वाढीच्या निरनिराळ्या अवस्थांतील नोंदी, काढणीच्या वेळचे मोजमाप आणि शेतकरी मेळावा असे मिळून आठ दिवस धरावेत. दहा प्रात्यक्षिकांचे झाले ८०. बारा प्रशिक्षणे आणि प्रत्येकाला तयारी व पाठपुराव्यासह तीन दिवस म्हटले, तर आणखी ३६. एकूण ११६ दिवस गेले आणि हाताशी राहिले २९. या २९ दिवसांत रिक्त पदाचे आणखी ११६ दिवसांचे काम बसवा, असे सांगितले जाते तेव्हा ते बसत नाही. बसते ती केवळ त्याची नोंद. भेटी दूरध्वनीवर होतात, मोजमाप अंदाजाने लिहिले जाते आणि प्रात्यक्षिकाच्या नावाखाली बियाणे, खते अशा निविष्ठांचे वाटप तेवढे उरते.

हा हिशेब आपल्या आकड्यांनी मांडून आराखड्याच्या पहिल्या पानावर लावावा. आपल्या परिस्थितीत आकडे वेगळे येतील, पण असे पान समोर असले की वरिष्ठांशी होणारी चर्चा तक्रारीची राहत नाही. कोणते काम गाळायचे, एवढाच प्रश्न उरतो. गाळायचे काम प्रमुखाने स्वतः ठरवावे. सगळ्याच कार्यक्रमांना थोडी थोडी कात्री लावणे सोयीचे वाटते खरे, पण त्यामुळे एकही कार्यक्रम परिणाम दिसेल इतका मोठा राहत नाही. त्यापेक्षा रिक्त पदाच्या विषयातील नवी कामे त्या वर्षापुरती थांबवावीत, चालू कामांपैकी शेतकऱ्यांना शब्द दिलेली तेवढी पूर्ण करावीत आणि थांबवलेल्या कामांची यादी कारणासह प्रसिद्ध करावी.

येथे कार्यभार हस्तांतरणाचा मुद्दा येतो. बदलीच्या आदेशानंतर कपाटाच्या किल्ल्या, जडवस्तू संग्रह नोंदवही (कार्यालयातील टिकाऊ वस्तूंची नोंद) आणि संगणक यांची पोच काटेकोरपणे घेतली जाते, मात्र शेतावर चाललेल्या कामाची पोच कोणी मागत नाही. एकाच शेताच्या अर्ध्या भागात शिफारस केलेली पद्धत आणि अर्ध्यात शेतकऱ्याची नेहमीची पद्धत, अशी आखणी आपण करतो. आंतरमशागतीत कडेच्या खुंट्या उपटल्या जातात. दरम्यान आखणी करणारा अधिकारी बदलून गेलेला असतो, आणि नवा माणूस काढणीच्या दिवशी वजनकाटा घेऊन बांधावर पोहोचतो तेव्हा पूर्वेकडचा भाग कोणत्या पद्धतीचा, हेच कोणाला नक्की सांगता येत नाही. शेतकरी आठवेल तसे सांगतो. पूर्ण हंगामाचे काम एका न काढलेल्या रेखाटनापायी वाया जाते. म्हणून प्रत्येक प्रात्यक्षिकाचे दिशा दाखवणारे हातरेखाटन, झालेल्या नोंदी, राहिलेल्या नोंदींच्या तारखा आणि शेतकऱ्याला दिलेली आश्वासने एवढ्या गोष्टी लिहून दिल्याशिवाय कार्यमुक्तीच्या कागदावर सही करू नये. शक्य असेल तेथे जाणाऱ्याने येणाऱ्याला एक दिवस शेतावर हिंडवून ओळखी करून द्याव्यात. पद रिक्तच राहणार असेल, तर हे सर्व अतिरिक्त कार्यभार घेणाऱ्याच्या हाती द्यावे.

प्रश्न : आमचा आराखडा म्हणजे बहुतेक वेळा मागच्या वर्षीचाच, तारखा बदललेला. विद्यापीठाला आपल्या शिफारशी पोहोचवायच्या असतात, शेतकऱ्यांना भलतेच काही हवे असते. सुरुवात कोठून करावी? (एक विषय विशेषज्ञ)

उत्तर : विद्यापीठाशी जोडलेल्या विस्तार सेवेत हा ताण जन्मापासूनच आहे. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांना जमिनीचे अनुदान मिळाले, १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना संशोधन केंद्रांची जोड मिळाली, आणि तरीही तेथील ज्ञान शेतापर्यंत पोहोचेना म्हणून १९१४ चा स्मिथ-लीव्हर कायदा करून संघराज्याचे कृषी खाते व ही महाविद्यालये यांच्या सहकार्याने विस्तार सेवा उभी राहिली. संघराज्याच्या पैशाला राज्यांनी आपल्या पैशाची जोड द्यावी, अशी त्या कायद्याची रचना होती. पुढे काउंटी, म्हणजे तेथील जिल्ह्यासारखे स्थानिक प्रशासकीय विभाग, याही खर्चात सहभागी झाल्या, त्यामुळे तेथील विस्तार कार्यकर्त्याला विद्यापीठ आणि स्थानिक मंडळी अशा दोघांनाही उत्तरे द्यावी लागतात. हे गैरसोयीचे आहे, पण केवळ विद्यापीठाच्या सोयीचा आराखडा तेथे फार काळ टिकत नाही, हा त्याचा फायदा.

त्याआधीची एक घटना नियोजनाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील सीमन नॅप यांनी १९०३ मध्ये टेक्सासमधील टेरेल येथे वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतावर प्रात्यक्षिक घेतले. सुधारित पद्धतीने तोटा झाला तर तो भरून देण्यासाठी गावातील लोकांनी निधीची हमी दिली होती. ती वापरावी लागली नाही, पोर्टर यांना नफाच झाला. कापसावरील बोंड भुंगेऱ्याने त्या भागात धुमाकूळ घातला होता, त्यामुळे पुढच्याच वर्षी या पद्धतीसाठी सरकारी पैसा आला आणि १९०६ मध्ये टेक्सासच्या स्मिथ काउंटीत एकाच काउंटीसाठी पूर्णवेळ कार्यकर्ता नेमला गेला. त्याच वर्षी अलाबामातील टस्कीगी येथे थॉमस कॅम्पबेल यांनी शेती-अवजारे लादलेल्या गाडीतून शेतकऱ्यांच्या दारी शिक्षण नेण्याचे काम हाती घेतले. यात लक्षात घेण्यासारखे आहे ते असे की, नवी पद्धत फसली तर नुकसान कोण सोसणार, हा प्रश्न टेरेलमध्ये आधी सुटला आणि मग बियाणे पेरले गेले. आपल्या आराखड्यांच्या नमुन्यात या प्रश्नासाठी रकानाच नसतो, आणि शेतकरी आपली शिफारस का घेत नाहीत याचे उत्तर बहुधा त्या नसलेल्या रकान्यात असते.

आता प्रत्यक्ष सुरुवातीविषयी. मागच्या वर्षीचा आराखडा बाजूला ठेवून आधी नमुने घेऊन आलेल्यांची आणि दूरध्वनींची नोंदवही उघडावी. वर्षभरात कोणत्या प्रश्नासाठी लोक आपण होऊन आले, हे तिच्यातून कळते. मग जे आलेच नाहीत त्यांच्याकडे जावे, कारण लहान शेतकरी, शेतमजूर आणि शेती प्रत्यक्ष कसणाऱ्या स्त्रिया कार्यालयाच्या पायऱ्या क्वचितच चढतात. मागणी आणि गरज यांत फरक राहतोच : लोक फवारणीचे औषध विचारतात, तेव्हा खरी गरज कदाचित लागवडीची तारीख बदलण्याची असते. तो फरक ओळखणे हे विशेषज्ञाचे काम आहे, परंतु मागणी ऐकून न घेता थेट गरज सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने विद्यापीठांना आपल्या कार्ययोजनेत लोकांची मते कशी घेतली हे नमूद करणे बंधनकारक केले. आपल्यावर तसे बंधन असो वा नसो, तेवढा एक परिच्छेद लिहायला घेतला की पोकळ आराखडा लगेच उघडा पडतो.

प्रश्न : सल्लागार समितीच्या बैठकीत शेतकरी प्रतिनिधी काहीच बोलत नाहीत. त्यांना बोलते कसे करावे? (एक सहयोगी प्राध्यापक)

उत्तर : सादरीकरणे कमी करावीत. दीड तास पडद्याकडे पाहून झाल्यावर ‘काही सूचना?’ असे विचारले, तर चहाचीच सूचना येणार. मागील बैठकीचे कार्यवृत्त आणि दोन नेमके प्रश्न आठवडाभर आधी पाठवावेत, बैठक शेतकऱ्यांनी सुरू करावी आणि मागील सूचनांचे काय झाले, हा मुद्दा विषयपत्रिकेत पहिला ठेवावा.

प्रश्न : अहवालात प्रशिक्षणार्थींची संख्याच विचारली जाते. कामाचा परिणाम कसा दाखवावा? (एक कार्यक्रम सहायक)

उत्तर : क्लॉड बेनेट यांनी १९७० च्या दशकात विस्तार कार्यक्रमांच्या मूल्यमापनासाठी सात पायऱ्या मांडल्या : साधने, उपक्रम, सहभाग, प्रतिक्रिया, ज्ञान-दृष्टिकोन-कौशल्ये-आकांक्षा यांतील बदल, प्रत्यक्ष पद्धतीतील बदल आणि अंतिम परिणाम. आपले अहवाल बहुधा तिसऱ्या पायरीवर थांबतात, फार तर समारोपाच्या अभिप्रायामुळे चौथी गाठतात. वर चढावे तसा पुरावा गोळा करणे अवघड आणि खर्चिक होत जाते, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचे मूल्यमापन सातव्या पायरीपर्यंत करण्याचा हट्ट धरू नये. एक किंवा दोन कार्यक्रम निवडून त्यांच्यासाठी सहावी पायरी निश्चित गाठावी. उदाहरणार्थ, बीजप्रक्रियेच्या प्रशिक्षणाला आलेल्यांपैकी काहींची चिठ्ठ्या टाकून निवड करावी, पेरणीनंतर त्यांच्या शेतावर जाऊन बीजप्रक्रिया केली की नाही आणि केली नसल्यास का, एवढेच विचारावे. ‘का नाही’ची उत्तरे पुढील आराखड्यासाठी हजेरीपटापेक्षा कितीतरी मोलाची असतात. मात्र पेरणीनंतरच्या या भेटींचे दिवस वर मांडलेल्या हिशेबात आधीच धरलेले हवेत. मूल्यमापनासाठी वेगळा माणूस मिळेल या आशेवर ते सोडू नयेत.

आणखी एक सूचना तारखांविषयी. बीजप्रक्रियेचे प्रशिक्षण पेरणी उरकल्यावर आणि शेतकरी मेळावा काढणी झाल्यावर होतो, असे अनुभव अनेक वाचकांनी कळवले आहेत. निधी उशिरा आला हे त्याचे नेहमीचे कारण. दोन पद्धतींतील फरक उभ्या पिकातच दिसतो. निधीची वाट पाहावी लागणार असेल, तर मंडप, फलक आणि भोजन वगळून बांधावरच मेळावा घ्यावा, त्याला फारसा पैसा लागत नाही.

प्रश्न : मी नुकतीच रुजू झाले आहे. पहिल्याच आठवड्यात मला माझ्या विषयाचा वार्षिक आराखडा देण्यास सांगितले आहे. काय करावे? (एक नवनियुक्त विषय विशेषज्ञ)

उत्तर : आधीच्या विशेषज्ञाची अपुरी राहिलेली कामे पूर्ण करणे, हाच पहिल्या सहा महिन्यांचा आराखडा म्हणून द्यावा आणि उरलेल्या सहा महिन्यांचा भाग क्षेत्र पाहून झाल्यावर सादर करण्याची मुदत लेखी मागावी. मुदत नाकारली गेली, तर निदान प्रशिक्षणांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा वाढवून देऊ नये. दरम्यान त्या भागात अनेक हंगाम काढलेल्या क्षेत्र सहायकाबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस हिंडावे, आणि त्याचे म्हणणे नोंदवहीत त्याच्या नावासह लिहून ठेवावे.